गोष्ट सांगायची, मग ती निभवायची

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की छोट्या व्यवसायाने आपली ओळख घोषवाक्यावर उभी करण्यापेक्षा मालकाच्या खऱ्या अनुभवावर उभी करावी, ती जास्त टिकते. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी शंका काढल्या, काहींनी वाद घातला, आणि दोघांनी तर आपली सगळी जीवनकहाणी पाठवून विचारलं, यातलं काय ठेवू आणि काय गाळू? मी गेली चोवीस वर्षं लहानमोठ्या व्यवसायांसाठी लिहिते आहे. माहितीपत्रकं, वेष्टनामागच्या चार ओळी, वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ हे पान. त्या कामात जे पाहिलं त्यावरून उत्तरं देते. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्नांचा गाभाच घेतला आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मी चामड्याच्या पिशव्या आणि पाकिटं बनवते. सात वर्षं झाली. तुमचा लेख वाचून ‘माझी गोष्ट’ लिहायला बसले आणि कागद कोराच राहिला. बालपण साधं गेलं, घरच्यांनी विरोध केला नाही, कर्ज काढलं नाही, कुणी फसवलं नाही. ज्यांच्या आयुष्यात काही घडलंच नाही त्यांनी काय सांगायचं? (उत्तराची घाई नाही. माझ्याही ऑर्डरी सध्या उशिराच जातात, कारण पट्ट्याच्या जोडाची शिवण मी अजून हातानेच घालते.)

उत्तर : कंसातलं शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. तुम्ही ते जवळजवळ माफी मागितल्यासारखं लिहिलं आहे, आणि तुमची गोष्ट नेमकी तिथेच आहे.

चामड्याचं काम करणाऱ्यांकडून मी जे शिकले ते इतर वाचकांसाठी सांगते. मशिनच्या शिवणीत दोन दोरे असतात. एक वरून येतो, एक खालून, आणि ते चामड्याच्या आत एकमेकांत अडकतात. त्यातला एक झिजून तुटला की शेजारचे टाकेही सुटायला लागतात. हाताच्या शिवणीत दोरा एकच, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी बाकीचे आपापली जागा धरून राहतात. पिशवीचा सगळा भार पट्ट्याच्या जोडावर येतो. म्हणजे पिशवी जिथे दगा देऊ शकते त्याच जागी तुम्ही वेळ घालवता. हे तुम्हाला कुणी शिकवलं? की एखादी पिशवी तुटून परत आली होती? कुणाची होती ती? हातात घेतल्यावर तुम्हाला काय वाटलं, आणि त्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय म्हणालात? त्या एका दिवसाबद्दल लिहा. दोनशे शब्द पुरे होतील.

हालअपेष्टा नसतील तर गोष्ट नाही, असा एक समज पसरला आहे. मला तो घातक वाटतो, कारण त्यापायी भली माणसं आपलं दुःख फुगवून सांगायला लागतात. दयेपोटी गिऱ्हाईक एकदा खरेदी करेल. दुसऱ्यांदा ते येतं ते पट्टा टिकला म्हणून. त्यामुळे गोष्ट शोधताना मी संकट शोधत नाही, निर्णय शोधते. काहीतरी अनुभवाला आलं, त्यावरून माणसाने एक गोष्ट ठरवली, आणि ते ठरवणं आज त्या वस्तूत डोळ्यांना दिसतं किंवा हाताला लागतं. हे तिन्ही असलं की काम झालं.

बेन अँड जेरीज हे आइस्क्रीम घ्या. त्या जोडीतल्या बेन कोहेन यांना वास जवळजवळ येत नाही, आणि वास नाही म्हणजे चवही मंद. आइस्क्रीम खाताना त्यांना मजा यायची ती दाताखाली काय येतं याची. १९७८ मध्ये दोघा मित्रांनी दुकान काढलं, आणि या एका उणिवेमुळे त्यांच्या आइस्क्रीममध्ये मोठमोठे तुकडे पडू लागले. तीच त्यांची ओळख झाली. ही गोष्ट ऐकलेला माणूस पहिल्याच घासाला तिची खातरजमा करून घेतो. जेम्स डायसन यांचंही तसंच. त्यांचा पिशवीविना चालणारा व्हॅक्यूम क्लीनर ५,१२७व्या नमुन्याला जमला, हा आकडा जगभर लोकांना पाठ आहे. पण त्या आकड्याला वजन येतं ते सुरुवातीच्या वैतागामुळे. त्यांच्या घरातलं यंत्र पिशवीत धूळ साठत गेली की नीट ओढेनासं व्हायचं, आणि तो वैताग त्यांनी सोडून दिला नाही. हा अनुभव ज्याच्या घरी व्हॅक्यूम क्लीनर होता त्या प्रत्येकाचा होता.

आणखी एक आठवण सांगते, कारण तुमच्यासारखंच म्हणणारा एक माणूस मला भेटला होता. पुस्तकबांधणीचा व्यवसाय होता त्यांचा. दोन तास बसलो, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर : “विशेष काही नाही हो.” मी वही मिटून उठले. तेवढ्यात त्यांनी तयार पुस्तकांच्या चळतीतलं एक उचललं, सुरुवातीला, मधे आणि शेवटी असं तीन ठिकाणी उघडून टेबलावर सपाट दाबलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. मी विचारलं, “प्रत्येक पुस्तक असं बघता?” तेव्हा कळलं. फार पूर्वी त्यांनी हिशेबाच्या तीनशे वह्या बांधून दिल्या होत्या. सरस घाईत वाळवला गेला होता आणि महिनाभरात पाठी तडकल्या. त्यांनी तीनशेच्या तीनशे परत आणल्या आणि स्वतःच्या खर्चाने पुन्हा बांधल्या. तेव्हापासून तीन ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय एकही पुस्तक बाहेर जात नाही. त्यांना ही गोष्ट लाजेची वाटत होती, म्हणून दोन तास त्यांनी ती सांगितली नाही. आम्ही ती जशीच्या तशी लिहिली. त्यानंतर येणारी गिऱ्हाइकं टेबलाशी उभी राहून स्वतः पुस्तक तीन ठिकाणी उघडून बघायला लागली.

तुम्हाला अजूनही सुचत नसेल तर स्वतःला असे प्रश्न विचारून पाहा. कोणतं काम तुम्ही पैसे मिळत असतानाही नाकारता? कोणतं काम तुम्ही एकदा फुकट पुन्हा करून दिलंत? आणि हाताखाली शिकायला आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी काय बजावता? या तिसऱ्या प्रश्नाने मला आजवर फार क्वचित रिकाम्या हाताने परत पाठवलं आहे.

प्रश्न : आमचा हर्बल साबणाचा व्यवसाय मी आणि माझ्या भावाने बाजाराचा अभ्यास करून सुरू केला. आमचे सल्लागार म्हणतात, हे फार रूक्ष आहे. “आजीच्या हस्तलिखित वहीत सापडलेली कृती” असं लिहा, सगळेच लिहितात, कुणाचं नुकसान होत नाही. खरंच काय बिघडतं?

उत्तर : बिघडतं. आणि हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही.

माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी, लाकडी खेळणी बनवणाऱ्या एका व्यवसायासाठी मी एक आजोबा जन्माला घातले. आजारी नातीसाठी त्यांनी कोरलेला घोडा, तिचं बरं होणं, मग शेजारच्या मुलांसाठी केलेली खेळणी. मालकीणबाईंनी आधी कां-कूं केलं. मी त्यांची समजूत घातली. खेळणी विकली जाऊ लागली आणि लोकांची पत्रं यायला लागली. कुणाला आजोबांचा फोटो हवा होता. एका शाळेला त्यांना मुलांसमोर बोलवायचं होतं. एका बाईंनी आपल्या आजारी मुलीचं चित्र त्यांच्यासाठी पाठवलं. ते चित्र मी अजून विसरले नाही. मालकीणबाई सबबी सांगत राहिल्या आणि दोन वर्षांनी नात्यातल्याच कुणीतरी सगळं उघड केलं. खेळणी उत्तम होती, रंग मुलांना निर्धोक होते, पण त्यानंतर त्यांच्या कशावरच कुणी विश्वास ठेवेना. व्यवसाय बंद पडला. त्याचा दोष माझ्याकडे येतो.

मला आजही सर्वात जास्त हे लागतं की सांगण्यासारखं खरं तिथे होतंच. त्या बाई प्रत्येक खेळण्याची कड स्वतःच्या गालावर घासून बघायच्या. बोटांना न जाणवणारं लाकडाचं कुसळ गालाला जाणवतं, असं त्या म्हणायच्या. मी तीन महिने त्यांच्याकडे जात होते, हे रोज पाहत होते, आणि लिहिलं मात्र न झालेल्या आजोबांबद्दल.

जगात गाजलेली उदाहरणंही आहेत. ईबे ही ऑनलाइन लिलावाची कंपनी पिएर ओमिड्यार यांनी होणाऱ्या बायकोला पेझच्या गोळ्यांच्या डब्यांची देवाणघेवाण करता यावी म्हणून काढली, असं वर्षानुवर्षं छापून येत होतं. ती कथा १९९७ मध्ये कंपनीच्या जनसंपर्क विभागाने रचली होती, कारण पत्रकारांना नुसत्या लिलावाच्या व्यवहारात रस वाटत नव्हता. खरी हकिकत काय होती? १९९५ मध्ये त्या साइटवर पहिली विकली गेलेली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. तो मोडका आहे हे कळलं ना, असं ओमिड्यार यांनी विचारलं, तर घेणारा म्हणाला की तो मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. मला सांगा, यातली कुठली गोष्ट तुम्ही घरी जाऊन दुसऱ्याला सांगाल? कुणाला ना कुणाला प्रत्येक वस्तू हवी असते, हा त्या व्यवसायाचा सगळा पाया त्या एका प्रसंगात आहे.

ईबे त्यातून निभावून गेली, कारण त्या बनावट कथेवर कुणाचा जीव टांगलेला नव्हता. ऑस्ट्रेलियात बेल गिब्सन या बाईंनी मेंदूचा कॅन्सर आपण आहाराने आटोक्यात ठेवला असं सांगून अॅप विकलं, पुस्तक विकलं. २०१५ मध्ये त्यांनी कबूल केलं की कॅन्सर कधी झालाच नव्हता. २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांना ४,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. त्यांचं ऐकून ज्या खऱ्या रुग्णांनी उपचारांकडे पाठ फिरवायचं मनात आणलं असेल, त्यांचा हिशेब कुठल्या दंडात बसवणार?

तुमची वही कुणाचा जीव घेणार नाही, हे मला मान्य आहे. पण ब्रँड या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ जाळणं, तापलेल्या लोखंडाने गुरांवर उठवलेली खूण. आपल्याकडे त्याला डाग देणं म्हणतात. आणि मराठीत डाग म्हणजे ओळखीची खूणही आणि कलंकही. एकदा उठला की दोन्ही सारखेच पक्के.

तुम्ही बाजाराचा अभ्यास केलात म्हणता. मग तोच सांगा ना. किती साबण विकत आणून वापरलेत? कोणत्या साबणाने हात कोरडे पडले? भावाचं आणि तुमचं कशावरून बिनसलं, आणि कुणाचं म्हणणं शेवटी साबणात उतरलं? दोन भावंडं मोरीत बसून साबण घासताहेत, हे मला कुठल्याही आजीच्या वहीइतकं जिवंत वाटतं. वही असती तर मी वहीबद्दल लिहा म्हटलं असतं.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश झाल्यावर तिची काळजी घेताना मी वृद्धांना सहज घालता-काढता येतील असे कपडे शिवायला लागले. तीच माझ्या व्यवसायाची सुरुवात. पण आईबद्दल जाहीरपणे सांगावं का, हे ठरत नाही. ती अजून आहे, आणि संमती देण्याच्या स्थितीत नाही.

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मी पहिल्यांदा तुम्हाला नमस्कार केला.

जे तुमचं आहे ते तुम्ही सांगू शकता. जे आईंचं आहे ते नाही. तुमचे हात बटणांशी कसे झगडले, सकाळचे कपडे बदलायला किती वेळ लागायचा आणि त्यात तुम्ही किती वेळा चिडलात, मग बाही खांद्यापासून उघडी ठेवून बंद लावायची कल्पना कशी सुचली, हे सगळं तुमचं. आईंनी काय विसरलं, त्या काय बोलल्या, त्या कशा दिसतात, हे त्यांचं. त्यांचा फोटो लावू नका. पूर्वीच्या हसऱ्या दिवसांतलाही नको. “माझ्या जवळच्या माणसाची काळजी घेताना” एवढ्याने ज्यांना कळायचं त्यांना पुरेपूर कळतं. तुमचं गिऱ्हाईक त्याच अवस्थेतून जात असतं.

एक विनंती आहे. अजून तुम्ही त्या सगळ्याच्या आत आहात. आत असताना सांगितलेली गोष्ट नंतर परत घेता येत नाही, आणि प्रत्येक नवा माणूस तुम्हाला ती पुन्हा सांगायला लावेल, विक्रीच्या मध्येच, फोनवर, ज्या दिवशी बोलायची ताकद नसेल त्या दिवशीही. तेव्हा सध्या फक्त कपड्याबद्दल बोला. बाहीची गोष्ट पुरेशी आहे. बाकीची तुमच्या वहीत लिहून ठेवा, तारखा घालून.

प्रश्न : मी अभियंता आहे. आमचं मोजमापाचं उपकरण स्पर्धकांपेक्षा अचूक आहे आणि ते आकड्यांनी सिद्ध होतं. मग गोष्टीचा घोळ कशाला? आणि घालायचीच तर गोष्ट आणि आकडे दोन्ही द्यावेत ना?

उत्तर : दोन्ही द्या, पण एकाच दमात नको.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांचा, स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा, एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भाग घेणाऱ्यांना पाच डॉलर दिले होते आणि त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितलं होतं. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचायला दिलं, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे दिले. मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकडे वाचणाऱ्यांनी १.१४. तिसऱ्या गटाला मुलगी आणि आकडे दोन्ही दिले होते. त्यांनी दिले १.४३. म्हणजे आकडे जोडल्याने गोष्टीचं बळ वाढलं नाही, उलट बरंचसं ओसरलं. दान आणि खरेदी एकच नाही, हे तुम्ही म्हणाल आणि ते बरोबर आहे. पण माणूस एका माणसाशी जोडला जात असताना मध्येच तक्ता समोर आला की त्याचं मन हिशेबाला लागतं, हे मी कामात पुष्कळदा पाहिलं आहे.

तुमचं उपकरण जे विकत घेतात त्यांना अचूकतेचे आकडे लागणारच. ते माहितीपत्रकात जागच्या जागी, स्वच्छ तक्त्यात द्या. त्याआधीच्या पानावर मात्र एकच प्रसंग लिहा. कुठलं मोजमाप चुकलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं, आणि त्या चुकीची किंमत कुणी मोजली. आकडा महत्त्वाचा का, हे त्या पानाने सांगावं. मग तक्ता वाचणारा माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल.

प्रश्न : तीच ती गोष्ट दहा वर्षं सांगून मला कंटाळा आला आहे. बदलू का?

उत्तर : तुम्ही ती हजार वेळा सांगितली आहे. समोरचा ती बहुधा पहिल्यांदाच ऐकतो आहे. गोष्ट तीच राहू द्या, तिच्यातला तपशील बदला. आज पहिलं यंत्र कुठून आणलं ते सांगा, उद्या पहिला माल परत कसा आला ते सांगा. आणि हे जमवूनही जर तुम्हाला तिच्यात अजिबात जीव वाटत नसेल, तर तपासून पाहा : गोष्टीत जे ठरवलं होतं ते तुम्ही आज खरंच पाळता का? कंटाळ्याच्या बुडाशी कधीकधी तेच सापडतं.

प्रश्न : “प्रत्येक खुर्ची मी स्वतः बसून तपासतो” या वाक्यावर आमचा फर्निचरचा ब्रँड उभा राहिला. तेव्हा आम्ही तिघं होतो, आज चाळीस आहोत. आता प्रत्येक खुर्चीवर बसणं मला शक्य नाही. वाक्य काढलं तर लोक म्हणतील दर्जा घसरला. ठेवलं तर ते खोटं आहे. रात्री झोप लागत नाही.

उत्तर : झोप लागत नाही हे चांगलं लक्षण आहे. तुम्ही दिलेला शब्द अजून तुम्हाला टोचतो आहे.

यव्हाँ श्विनार्ड यांची हकिकत तुमच्या उपयोगी पडेल. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचे ते संस्थापक, पण मूळचे गिर्यारोहक. १९५७ मध्ये त्यांनी एक जुनी भट्टी विकत घेतली, लोहारकाम स्वतःच शिकले आणि कड्यात ठोकायच्या पोलादी खिळ्या घडवायला लागले. त्या पुन्हा पुन्हा वापरता यायच्या. ‘स्वतः चढणारा माणूस स्वतःच्या हाताने अवजार घडवतो’, ही त्यांची गोष्ट होती, खरी होती, आणि १९७०पर्यंत ते अमेरिकेतले गिर्यारोहणाच्या साधनांचे सर्वात मोठे पुरवठादार झाले होते. मग त्यांच्या लक्षात आलं की त्याच खिळ्या ठोकून आणि उपटून आवडते कडे विद्रूप होत आहेत. ज्या वस्तूवर नाव झालं तीच वस्तू डोंगराला इजा करत होती. १९७२च्या कॅटलॉगमध्ये त्यांनी हे सुरुवातीलाच छापलं आणि जोडीला खिळ्यांशिवाय कसं चढावं यावर चौदा पानांचा लेख दिला. हातोड्याविना, हाताने खाचेत अडकवून काढून घेता येतील असे ॲल्युमिनियमचे तुकडे विकायला काढले. काही महिन्यांतच खिळ्यांचा खप घसरला आणि त्या तुकड्यांची मागणी पुरवणं जड जाऊ लागलं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी जुनी गोष्ट गुपचूप पुसली नाही. तिच्यात पुढचं पान जोडलं. स्वतः चढणारा माणूसच कड्यावरचे वळ पाहू शकतो, त्यामुळे नवं पान जुन्याच गोष्टीतून उगवलं. २०११ मध्ये पॅटागोनियाने ऐन खरेदीच्या हंगामात ‘हे जॅकेट विकत घेऊ नका’ अशी वृत्तपत्रात पूर्ण पान जाहिरात दिली, आणि २०२२ मध्ये श्विनार्ड कुटुंबाने मालकीच सोडून एका ट्रस्टकडे आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे दिली. त्या जाहिरातीवर लोकांनी विश्वास ठेवला, कारण १९७२ मध्ये त्या माणसाने स्वतःच्या पोटावर पाय आणलेला त्यांना माहीत होता.

तेव्हा तुम्ही वाक्य काढा, आणि काढताना सांगा की काढतो आहे आणि का. “मी प्रत्येक खुर्चीवर बसायचो. आता बसणं शक्य नाही. माझ्या जागी कोण बसतं, ते हे.” तुम्ही कुणाला निवडलं, त्याला किती महिने शेजारी बसवून शिकवलं, तो बसल्यावर काय ऐकतो, कुठे हात लावतो, ते लिहा. खुर्चीखाली त्याची सही असू द्या. आणि त्याला खुर्ची नाकारायचा हक्क द्या, तुमची स्वतःची घडवलेली खुर्चीसुद्धा. ज्या दिवशी तो पहिली खुर्ची परत पाठवेल त्या दिवशी तुम्हाला नवी गोष्ट मिळेल.

प्रश्न : व्यवसायाला माझंच नाव आहे, वेष्टनावर माझाच चेहरा आहे. वय झालं, मुलगी आता सूत्रं हातात घेते आहे. एक कंपनी विकतही मागते आहे. मी बाजूला झाल्यावर हा ब्रँड उरेल का?

उत्तर : नाव आणि चेहरा उरतो, याचे पुरावे पुष्कळ आहेत. तुमचा प्रश्न त्यापेक्षा खोल आहे असं मला पत्रावरून वाटलं.

कर्नल सँडर्स यांनी १९६४ मध्ये केंटकी फ्राइड चिकनचा व्यवसाय वीस लाख डॉलरला विकला. चेहरा त्यांचाच राहिला आणि ते गावोगाव प्रचाराला जात राहिले. पण नव्या मालकांनी बदललेली ग्रेव्ही त्यांना इतकी खटकायची की ते उघडपणे तिला नावं ठेवत. स्वतःच्याच चित्राखाली मिळणारा पदार्थ स्वतःला ओळखू न येणं, हे कसलं दुःख असेल! इंग्लंडमधल्या जो मेलोन यांनी आपल्या नावाचा सुगंधांचा ब्रँड १९९९ मध्ये एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला विकला आणि २००६ मध्ये त्या बाहेर पडल्या. काही वर्षं त्यांना त्या क्षेत्रात काम करायची मनाई होती. २०११ मध्ये त्यांनी पुन्हा सुरुवात केली ती ‘जो लव्ह्ज’ या नावाने, कारण बाटलीवर लिहायला स्वतःचं पूर्ण नाव त्यांचं राहिलं नव्हतं. विकायचं ठरवलंत तर कागदावर सही करण्याआधी नावाचं, चेहऱ्याचं आणि गोष्टीचं काय होणार, हे वकिलाकडून शब्द न् शब्द समजून घ्या. ही तिन्ही वेगवेगळी आहेत आणि वेगवेगळी देता येतात.

आता मुलीबद्दल. तुम्ही लिहिलं आहे की ती तुमची गोष्ट “पाठ करून छान सांगते”. तिथे मला काळजी वाटली. तुमचा अनुभव तिच्या तोंडी नेहमी उसनाच वाटणार. तिला तुमच्या गोष्टीतला निर्णय वारशाने द्या. प्रसंग तिला तिचे स्वतःचे मिळू देत.

आणि अडचणीची पानंही द्या. आयकिया या फर्निचर कंपनीचे संस्थापक इंग्वार कांप्राड यांचा तरुणपणी स्वीडनमधल्या फॅसिस्ट चळवळीशी संबंध होता, हे १९९४ मध्ये बाहेर आलं. त्यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून ते कबूल केलं आणि आपल्या आयुष्यातली ती सर्वात मोठी चूक असल्याचं म्हटलं. त्यांनी कबूल केलं ही गोष्ट मोठी आहे. पण ते आधीच स्वतःहून सांगितलं असतं तर त्याला आणखी वेगळं वजन आलं असतं, असं मला वाटतं. तुमच्या व्यवसायात असं काही असेल, एखादी मोडलेली भागीदारी, एखादा न दिलेला पगार, एखादी लपवलेली चूक, तर ते मुलीला दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नका.

तुम्ही पत्रात तक्रारींच्या जुन्या वह्यांचा उल्लेख केला आहे. पस्तीस वर्षांत आलेली प्रत्येक तक्रार आणि तिच्यापुढे तुमच्या अक्षरात लिहिलेलं, काय केलं ते. त्या सगळ्या वह्या एक दिवस टेबलावर मांडा आणि दोघं शेजारी बसून वाचा. प्रत्येक वेळी तिला विचारा : तू असतीस तर इथे काय केलं असतंस? जिथे तिचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं येईल तिथे खूण करा, तिच्याशी वाद घालू नका. मग एक कोरी वही आणून तिच्या हातात द्या. पहिली तक्रार तिने स्वतः घ्यावी, स्वतः निस्तरावी आणि स्वतःच्या अक्षरात लिहावी. ते पान भरलं की मला कळवा. वेष्टनामागच्या नव्या चार ओळी मी तिच्याशी बोलून लिहून देईन.